अकरा सेकंदांचा ढावलो

१४ जुलै २०२४
तांडा, मानोरा तालुका

रेणूस,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. घ्यायचे नसतील तर तसेच राहू दे, पण पत्र वाच.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, जन्म दिलेल्या याडीचा केलास, तुझ्या भाऊजींचाही केलास. माझं एक वेळ समजू शकते, पण बादलनं तुझं काय घोडं मारलं होतं? शेवटी जावईबापूंकडून तुमचा चाकणचा पत्ता मागून घेतला आणि मानोऱ्याच्या पोस्टातून पाकीट आणलं. पोस्टातला माणूस म्हणाला, "कोर्टाचं काम हाय काय, ताई?" बहिणीला पत्र लिहायचं आहे म्हटलं तर त्याला खरं वाटेना.

तुझ्या लग्नातला ढावलो, तुझं ते निरोपाचं रडणं, मी माझ्या पेजवर टाकला, एवढा माझा गुन्हा. ते पेज कशाचं आहे तुला ठाऊक आहे. कमरेचा फेटिया, अंगातली कांचळी, त्यांवरचं काचा-कवड्यांचं काम. तुझ्या अंगावरचा लग्नाचा पोशाख मी चार महिने मान मोडून टाचला होता. तो लोकांना दिसावा, आणि आपल्या लमाणांत सासरी निघालेली नवरी याडीच्या गळ्यात पडून सूर धरून कशी रडते, तेही दिसावं असं मला वाटलं. खाली तुझे शब्द मराठीत लिहून दिले होते. "याडी, तुझी शेळी सांजेला घरी येते, कोंबडी येते, मग मीच का नाही यायचं?" यात लाजण्यासारखं काय होतं? माझ्या लग्नात मला असं रडूही मिळालं नाही. तांड्यातल्या तांड्यात दिली, पंधरा पावलांवर सासर, सूर धरेपर्यंत उंबरा आला.

मग कोण्या रिकामटेकड्यानं त्यातले अकरा सेकंद कापून घेतले. आपली बोली त्याच्या बापाला कळत नसेल. त्यानं खाली हिंदीत मनाचंच लिहिलं की नवरी सांगते आहे, सासू फ्रीज मागते, सासरा गाडी मागतो आणि बाप देत नाही. तिथून ते सुटलं. आता तुझा आवाज म्हशीच्या तोंडी आहे, नापास झालेल्या पोरांच्या तोंडी आहे. कोणाच्या मोबाईलची बॅटरी संपली तरी तूच रडतेस. काल एक नर्सबाई इंजेक्शन घेऊन उभी होती आणि मागं तुझा सूर लागला होता.

जावईबापू फोनवर सांगत होते, कंपनीत त्यांना आता फ्रीज म्हणूनच हाक मारतात. तू भाजीला गेलीस की बायका आधी मोबाईल बघतात, मग तुझ्याकडे बघतात. तुझ्या सासूनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिनं आयुष्यात कोणाकडे चमचा मागितला नाही आणि उभ्या मुलखात हुंडा मागणारी ठरली. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, रेणू. खरंच वाटलं.

माझ्या पेजवरचा व्हिडिओ मी त्याच दिवशी काढून टाकला. आता साऱ्या जगाचे हात मी धरू शकत नाही.

याडी रोज विचारते, "रेणू फोन काहून नाई करत?" मी सांगते, नवी नवरी आहे, कामात असते. किती दिवस सांगू?

तुझी बाई,
संगीता


२६ ऑगस्ट २०२४

रेणूस,

पत्राला उत्तर नाही. पाकीट परत आलं नाही म्हणजे तुला मिळालं असं धरते.

सुंदरबाई गेली. तीच ती, तिजेच्या सणाला आपल्या टोपल्यांतले गहू नीट उगवले नाहीत की आपल्यालाच शिव्या घालायची. म्हातारी होती, सुटली. पण मला तिचं सांगायचं नाही, याडीचं सांगायचं आहे.

सुंदरबाईची लेक दिग्रसहून आली. याडी पुढं झाली, तिच्या गळ्यात पडली आणि तिनं सूर धरला. शहरात राहून तुला विसर पडला असेल म्हणून लिहिते, आपल्यात बाया भेटल्या की आधी रडतात. कोण गेलं, कोण जन्मलं, सासरी काय सोसलं, सगळं त्या रडण्यातच सांगून होतं. नंतर नाक पुसायचं, चहा प्यायचा आणि रडताना जे ऐकलं ते पुन्हा तोंडावर आणायचं नाही. त्या लेकीला आई शेवटचं काय बोलली ते ऐकायचं होतं, आणि ते याडीलाच माहीत होतं, कारण तीच उशाशी बसली होती.

याडी सांगत होती. मागं पाहुण्यांतले दोघं-तिघं जण हसले. आधी दबून, मग जरा मोठ्यानं. एक जण म्हणाला, "अबे, हे त फ्रीजवाल्या बाईचं गाणं हाय."

त्यांचंही काय चुकलं म्हणावं? तू याडीकडूनच शिकलीस. तुझा सूर आणि तिचा सूर एकच आहे. त्यांनी तो आधी म्हशीवर ऐकला होता.

याडी मध्येच थांबली. सुंदरबाईच्या लेकीनं तिला दोनदा हलवलं, "काकी, सांग ना, मंग काय म्हने माही माय?" याडीनं तिचे हात सोडवले आणि घरी निघून आली. त्या लेकीला अजून कोणी सांगितलं नाही.

मग मला याडीला सगळं दाखवावं लागलं. तोवर तिला काही माहीत नव्हतं. चुलीपुढं बसून तिनं म्हैस पाहिली, पोरं पाहिली, ती नर्सबाई पाहिली. शेवटी विचारलं, "हे बंद कोठून करतात?" मी बोट लावून थांबवून दाखवलं. तर म्हणाली, "असं नाई. सगळीकडचं."

रेणू, मी दहावी पास आहे, बचत गटाची सचिव आहे, ऑनलाइन धंदा करते. मला तिला काहीच सांगता आलं नाही.

तुझी बाई


४ नोव्हेंबर २०२४

रेणूस,

दिवाळीला तू येशील म्हणून याडीनं तुझ्या वाटणीचं तेल काढून ठेवलं होतं. यंदा मेरा म्हणत तेल मागायला पोरी दिवे घेऊन दारी आल्या तेव्हा ती आतच बसून राहिली. मीच त्यांच्या दिव्यांत तेल घातलं.

तुझे सासरे येऊन गेले, हे तुला कळलंच असेल. रामधनमामा टोपी हातात घेऊन तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसले. म्हणाले, "मले काई नको. चार लोकाईत एवढंच सांगा का मी काई मांगतलं नाई." बा तर त्यांच्या पायाच पडायला निघाला होता. आपला बा, दौलतसिंग, जो सरपंचालाही बसूनच रामराम करतो.

नायकानं पंच बोलावले. बानं सगळ्यांसमोर सांगितलं की व्याह्यांनी एक पै मागितली नाही, नारळ आणि पोरगी एवढंच घेऊन गेले. पंचांनी मान डोलावली. शंभर वर्षं आपल्या तांड्यात एवढ्यावर भागलं आहे. पंचांत बोललं की बोललं.

पण रामधनमामा उठेनात. "अठीच्या लोकाईले माहीतच व्हतं. जे हासून राह्यले ते कोठी हायेत अठी?"

यावर नायकानं डोकं चालवलं, आणि मीही मान हलवली, तेव्हा एकट्या नायकाला बोल लावत नाही. मोबाईलच्या दुकानातल्या लखनला बोलावलं. पंच पुन्हा ओळीनं बसले, बा पुन्हा उभा राहिला आणि जे बोलला होता तेच मोबाईलपुढं बोलला. पहिल्यांदा बोलताना तो रडवेला झाला होता. दुसऱ्यांदा लखन म्हणाला, "मामा, वरतं पाहून बोला," तेव्हा तो शाळेतल्या पोरासारखा हात सरळ ठेवून बोलला. लखननं ते टाकलं.

दोन दिवसांत दोनशे लोकांनी पाहिलं. आधीचं लाखांनी पाहिलं होतं, तो हिशेब सोड. पहिलीच कमेंट आली, म्हणजे फ्रीज शेवटपर्यंत दिलाच नाही का. मग दुसऱ्या कोणी बाचं ते वाक्य आणि तुझं रडणं एकमेकांना जोडलं. आता बापलेक दोघंही त्यात आहात.

बाला हे कोणी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, मिटलं. परवा मला म्हणाला, "पंचाईतीचं काम मोबाईलवर बी होते त मंग." मी हो म्हटलं. भाऊ धनराज ऊसतोडीला निघाला आहे, त्यालाही बजावलं आहे की बाला काही दाखवू नको.

आणखी एक लिहायचं आहे. तुझ्या त्या व्हिडिओनंतर माझ्या पेजवर लोक आले. नागपूर, हैदराबाद, कुठून कुठून कांचळीच्या ऑर्डरी आल्या. सहा बायांना मी काम दिलं आहे, त्यात निता आहे, तिचा नवरा कसा आहे तुला माहीत आहे. मी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. तरी पण हे तुला सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं.

तुझी बाई


२७ जानेवारी २०२५

रेणूस,

आज जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, "रेणूले दोन दिवस दवाखान्यात ठेवलं व्हतं. आता घरी हाय." काय झालं विचारलं तर गप्प. मग म्हणाले, "ते तीच सांगन तुमाले, भेटली का." आणि फोन ठेवला.

बाईमाणसाचं काही असलं की पुरुष असेच गप्प होतात. मी समजायचं ते समजले आणि तरी मला काहीच कळलं नाही. किती महिने झाले होते? तुला कोणी धरायला होतं का? ही गोष्ट फोनवर विचारायची नसते, पत्रातही नसते. ती गळ्यात पडून सांगायची आणि ऐकायची असते, म्हणून मी इथं एवढ्यावर थांबते. तू ये. नाहीतर मी येते.

फोन ठेवल्यावर मी खोटेपणा घेऊन बसू शकले नाही. तुला लिहिलं होतं की माझ्या पेजवरचा व्हिडिओ मी त्याच दिवशी काढला. मी काढला नव्हता. आठ दिवस झाकून ठेवला आणि ऑर्डरी थंडावल्या तसा परत उघडला. लोक तो बघायला यायचे आणि तुझ्या अंगावरची कांचळी बघून माझ्याकडे मागायचे. मी स्वतःला सांगत होते की हाच तर खरा आहे, याच्याखाली तुझे खरे शब्द आहेत, हा राहिला तर उलट बरंच. पण खरं कारण ते नव्हतं. मी लबाडी केली, रेणू. सख्ख्या बहिणीशी केली.

आज काढला. कायमचा.

मग लखनच्या दुकानात गेले, म्हटलं बाकीचेही कसे काढायचे ते बघ. त्यानं शोधून दाखवलं. एकाखाली एक, एकाखाली एक, बोट दुखेपर्यंत. कंपनीकडे त्यानं माझ्या नावानं तक्रार केली. तासाभरात इंग्रजीत उत्तर आलं की यात नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. पोलीस ठाण्यातही जाऊन आले. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला, पाणी पाजलं. अर्ज पुढं पाठवते म्हणाल्या, पण किती मोबाईलांत गेला असेल ते त्यांनाही सांगता येईना.

परत आले तेव्हा लखननं विचारलं, "बाई, तुमचावाला मूळचा कोठी हाय? पूर्ण, खाली मराठीत लिहेल होता तो?"

मी म्हटलं, तोच तर सकाळी काढला.

"मोबाईलमंदी असन ना?"

मोबाईलमध्ये जागा होईना म्हणून मी तो पावसाळ्यातच पुसला होता. पेजवर आहेच, असं धरून चालले होते.

लखननं मोबाईल काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे खरा होता तोच गेला. आता फ्रीजवालाच राह्यला."

तू शेळीचं म्हटलं होतंस, कोंबडीचं म्हटलं होतंस, हे आता कुठंच नाही. याडीला आठवतं, मला आठवतं, तुला आठवत असेल. आपण मेलो की फ्रीजच खरा.

बाई


९ एप्रिल २०२५

रेणूस,

रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत आपली भेट झाली, त्याला आज तीन दिवस झाले. तोंडावर जे बोलता आलं नाही ते लिहिते.

याडीला मी खूप आग्रह केला. म्हटलं, रेणू सासरच्या मंडळींसोबत येते आहे, जीपमध्ये जागा धरली आहे, चल. तिनं कणीक मळता मळताच सांगितलं, "भेटून करू काय? मले आता रडता येत नाई." मग मी एकटीच आले. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. दोन तास मी समाधीकडच्या रस्त्यावर प्रत्येक बाईचं तोंड बघत उभी होते, आणि तू मला ओळखू आली नाहीस. पंजाबी ड्रेस, तोंडाला मास्क, डोक्यावरून ओढणी. जावईबापूंनी हात केला म्हणून कळलं. किती वाळलीस गं.

मी धावत आले. साऱ्या वाटेत मी मनाशी जुळवत आले होते की सुरुवात कशी करायची. सुंदरबाईचं सांगेन, याडीचं सांगेन, माझ्या लबाडीचं सांगेन, सगळ्यांदेखत सांगेन, आणि मग तू तुझं सांगशील. जानेवारीचं. त्यासाठीच मी आले होते. दर्शन तर मला दरवर्षी होतं.

मी तुझ्या गळ्यात हात टाकले आणि सूर धरला. पहिला शब्दही पुरा झाला नव्हता. तू आधी डावीकडे पाहिलंस, मग उजवीकडे पाहिलंस, मग तुझा तळवा माझ्या तोंडावर ठेवलास. जोरात नाही. लेकराच्या तोंडावर ठेवावा तसा.

"अठी नको, बाई."

"मंग कोठी?" मी विचारलं.

तू माझे हात गळ्यातून काढलेस. म्हणालीस, "बरी हाय मी. तू बरी हायेस ना? याडी बरी हाय?" दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं. मी हो हो म्हणत राहिले. आपल्या शेजारून दोन बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून जोरजोरात रडत होत्या आणि कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला.

तेवढ्यात ती मुलगी आली. कॉलेजातली असेल, चांगल्या घरची, बोलायलाही गोड. तू उन्हानं मास्क खाली केला होतास. ती म्हणाली, "ताई, तुम्ही त्याच ना? एकदा तसं करून दाखवा ना. प्लीज. एकदाच." तिच्या मैत्रिणीनं मोबाईल वर धरला.

मी पुढं झाले. माझ्या तोंडात शिवी आली होती. तू मला मनगटाला धरून मागं सारलंस, ओढणी डोक्यावर नीट घेतलीस, माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलंस आणि रडलीस.

तोच सूर. तोच हेल, जो याडीनं आपल्याला शेळ्यांमागं शिकवला. अकरा सेकंद असतील, जेवढं त्यात आहे तेवढंच, जिथं ते कापलं आहे तिथंच तू थांबलीस. शब्द मात्र त्यात नव्हते. नुसता सूर. दहा महिने मी ज्या आवाजासाठी जीव टांगणीला लावला होता तो माझ्या कानाशी होता, आणि मी मूर्खासारखी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

मुलगी थँक यू म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली. तू मान हलवलीस आणि मास्क वर केलास. माझा खांदा कोरडा होता.

मी विचारलं, "काहून केलं गं तू?"

तू म्हणालीस, "देल्लं का जातात, बाई. नाई म्हटलं त मांगं मांगं येतात."

मग जावईबापूंनी चहा आणला. आपण तिघांनी उभ्यानंच घेतला. तुझी सासू मला चांगलं बोलली, याडीसाठी प्रसाद दिला. निघताना तू माझी पिशवी जीपपर्यंत आणलीस, खिडकीपाशी जागा धरून दिलीस आणि ड्रायव्हरला सांगितलंस की बाईला मानोऱ्याला नीट उतरव. सगळं नीट केलंस. जीप निघेपर्यंत तू उभी होतीस.

घरी आल्यावर याडीनं विचारलं, "भेटली? काय म्हने?" मी म्हटलं, बरी आहे. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रसाद देवापुढं ठेवला.

पेज मी बंद केलं आहे. त्यानं काही होणार नाही, हे मला लखननं आधीच सांगितलं आहे.

तुझ्यावर जानेवारीत काय गुदरलं, ते मला माहीत नाही.

बाई